हणेगावकर सरांचं वर्महोल

वर्महोलबद्दल कुणीही प्रश्न विचारला की हणेगावकर सर आधी उलट विचारायचे, "कुणाला भेटायचंय तुम्हाला?" व्याख्यानाला आलेले लोक हसायचे. सर हसत नसत. दोन दूरच्या जागा, कदाचित दोन वेगळे काळसुद्धा जोडणारा बोगदा खरंच असेल का, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादं माणूस असतं, असं त्यांना वाटे.

मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला गेले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. राहायला नल्लकुंट्यात. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि सरांच्या तोंडी या दोन्हींत मिसळलेली दखनी. पहिल्याच दिवशी मी श्वेतविवराची पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवली. त्यांनी हात वर केला.

"नक्को बेटा, पुस्तक नक्को. कृष्णविवराची फिल्म उलटी फिरव. तिथं आत गेलेलं बाहेर येत नाही. इथं सगळं बाहेरच येतं, आत कुणाला शिरता येत नाही. समीकरणाला दोन्ही चालतात, पण आकाशात एकच सापडलंय. असं का, ते शोधायचाच तर पगार मिळतो आपल्याला."

"अहो, त्या पोरीला आधी जेवू द्या," सरांच्या पत्नी, मालतीकाकू, आतून म्हणाल्या. "तुमचं विवर कुठं पळून चाललंय?" त्या वाढत त्या ताटात थालीपीठ आणि गोंगुऱ्याची चटणी शेजारी शेजारी असायची. त्यांची मुलगी परदेशात होती, त्यामुळे तिचं ताट पुढं माझंच झालं.

काकू अचानक गेल्या. कोठीच्या बाजारातून खरेदी करून आल्या, खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं. सर पेला घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर सर कामाला लागले ते झपाटल्यासारखे. वर्महोलची मोठी अडचण म्हणजे त्याचा गळा, बोगद्याचा मधला अरुंद भाग. प्रकाशाचा किरण पलीकडे पोचण्याआधीच तो मिटतो. तो उघडा ठेवायला ऋण ऊर्जा लागते, आणि तशी ऊर्जा पुरेशी कुणालाच मिळालेली नाही. सरांनी मांडलं की तिचा अगदी पातळ थर पुरतो, आणि बाहेरून धक्का बसला तरी गळा टिकतो. शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ठिकठिकाणची बोलावणी येऊ लागली. काकू गेल्यापासून पहिल्यांदाच सर इस्त्रीचा शर्ट घालून विभागात आले.

तेच गणित पुढं न्यायचं काम माझ्याकडे होतं. एका समीकरणात त्यांनी एक पद 'नगण्य' म्हणून गाळलं होतं. मी ते परत घालून पाहिलं. गळा मिटला. पुन्हा केलं, पुन्हा मिटला. आठवडाभर मी त्यांना टाळलं. मग एका दुपारी घरी गेले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवले.

सरांनी सावकाश वाचलं. मग उठून चहा टाकला, आणि ओट्याकडे तोंड करूनच बोलले.

"हे पद लहान नाही, हे मला दिसत होतं, शुभा."

"सर, कुणाच्याही नजरेतून सुटलं असतं."

"सुटलं नाही. मालती गेल्यावर मला ते उघडंच राहायला हवं होतं. म्हणून गाळलं." चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला. "घरातलं कोण गेलंय, हे गणिताला ठाऊक नसतं बेटा. आपल्याला असतं."

त्याच आठवड्यात त्यांनी निबंध मागे घेतला. पुढच्या चर्चासत्रात स्वतः फळ्यापाशी उभे राहिले, ते पद लिहिलं आणि म्हणाले, "चूक माझी. शोधली हिनं." मागच्या बाकांवर कुणीतरी कुजबुजलं, "बुढ्ढे का दिमाग गया." ते सरांनाही ऐकू गेलं असणार. त्यांनी शांतपणे खडू खाली ठेवला. बोलावणी थांबली, फोन थांबले. सर मात्र रोज येत राहिले. तसला गळा कुठल्याही धक्क्यानं मिटतोच, हे आम्ही दोघांनी मिळून सिद्ध करायला घेतलं. माझं नाव पहिलं घालायचं, हा त्यांचा हट्ट.

ते काम पुरं होता होता त्यांच्या फुप्फुसांनी दगा दिला. मी दवाखान्यात गेले तेव्हा नाकाला नळी होती. मुलीचं विमान संध्याकाळी उतरणार होतं. सरांनी मला जवळ बसायची खूण केली.

"निबंध गेला?"

"गेला, सर. स्वीकारलाय."

मग लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मिटतोच ना गं? नक्की?"

कुठंतरी एखादी फट राहिली असेल, असं सांगावं, असं त्या क्षणी फार वाटलं. तेवढ्यानं त्यांना बरं वाटलं असतं. पण खोटं बोलायला जीभ उचलेना.

"मिटतो, सर."

"हौ," ते म्हणाले. "शाब्बास." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

मुलगी पोचायच्या आत ते गेले.