पदरापदराचे कप्पे

रूपाबद्दल बद्रीनाथांना खरं तर फार थोडं माहीत होतं. तिचं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही, घरी कोण कोण आहे हेही नाही. ती फर्दापूरची, तिचे वडील लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकत आणि ती संगणक दुरुस्त करते, एवढंच. एवढ्यावर माणूस ओळखतो म्हणावं का, अशी त्यांना शंका होती. पण तिचं नाव निघालं की त्यांना हसू यायचं.

ती आली तेव्हा बद्रीनाथांच्या मेहुण्याच्या, म्हणजे काकासाहेबांच्या पैठणीच्या धंद्यात बरीच चिडचिड चालली होती. माग पैठणला, नक्षीचं काम शहरातल्या ऑफिसात. बद्रीनाथांनी जन्मभर काढलेल्या नक्ष्या स्कॅन करून सर्व्हरवर ठेवल्या होत्या. मूळ कागद कसरीनं खाल्ले, त्यामुळे होतं ते एवढंच. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक छोटा डबा. ऑफिसातले सगळे संगणक तारेनं त्याला जोडलेले. हिशेबाच्या विंडोज संगणकावर त्यातलं हवं ते झटकन उघडायचं. नक्षीत रंग भरणाऱ्या संस्कृती नावाच्या मुलीच्या मॅकवर मात्र 'थांबा' सांगणारी चकती फिरत राहायची. ती चहा पिऊन यायची, तरी चकती फिरतच असायची.

"जुन्याचं ओझं झालंय त्याला," काकासाहेब म्हणाले. "चालू नक्ष्या ठेवू, बाकीच्या पुसून टाकू. भाऊजी, तुमची हरकत नाय ना?"

बद्रीनाथांनी हरकत नसल्यासारखी मान हलवली. त्यांना मोठ्यानं बोलणं कधी जमलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पुसण्याआधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून संस्कृतीनं रूपाला बोलावलं. रूपानं तार बदलली, डबा बंद करून चालू केला, मॅकच्या सेटिंग चाळल्या. चकती फिरतच होती.

"मलापण येत नाय वाटतं," ती हसून म्हणाली. मग तिनं डब्यातली एकच मोठी फाइल दोन्ही संगणकांवर उतरवून बघितली. दोन्हीकडं वेग सारखाच.

"म्हणजे रस्ता चांगलाय, डबाबी चांगलाय. नक्ष्यांचं फोल्डर उघडतानाच गडी अडतोय." तिनं ते फोल्डर विंडोजवर उघडलं आणि खाली खाली सरकत गेली. "हजारो फाइली, अन् एकाच फोल्डरात? हे कुणाचं काम?"

"बद्रीकाकांची पेटी हाय ती," संस्कृती म्हणाली. "हात लावायचा नसतो."

बद्रीनाथांच्या घरी नक्ष्यांची पेटी एकच असे. मोर एका पेटीत, वेल दुसऱ्या पेटीत, असं केलं की पदर मोडतो, हे वडिलांनी बजावलेलं. स्कॅनच्या वेळी त्यांनी तेच लावून धरलं होतं.

"आमच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची काका," रूपा बद्रीनाथांना सांगू लागली. "एक लांबूनच म्हणायचं, तो जांभळा दे. दुसरं एकेक दगड उचलणार, उलटा करणार, उन्हात धरणार. तुमचा मॅक हे दुसरं गिऱ्हाईक. प्रत्येक नक्षीचं बारकं चित्र केल्याबिगर पुढं सरकत नाय. अन् तुम्ही त्याच्यापुढं अख्खा डोंगर मांडलाय."

"मग तुझे वडील काय करायचे?"

"एका वेळी एकच टोपली पुढं ठेवायचे. आपणबी तसंच करू. मोर एका टोपलीत, वेल दुसरीत..."

"नाय," बद्रीनाथ म्हणाले.

ते एवढ्या जोरात बोलले की काकासाहेबांनी कानाचा फोन खाली घेतला.

"बरं, नाय," रूपा म्हणाली. "मग कसं? तुम्हीच सांगा."

बद्रीनाथांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पदराप्रमाणं. एका पदराचे मोर, मुनिया पाखरं, वेल, काठ, सगळं एका जागी."

"पेटी एकच, आत पदरापदराचे कप्पे. चालंल की. पण कुठला मोर कुठल्या पदराचा, हे कुणाला कळणार?"

"मला."

मग ते रोज तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. ते सांगायचे, ती कप्पे करायची. हा पदर एका हेडमास्तरीणबाईंचा. पोपटी नको म्हणून अडून बसल्या आणि शेवटी पोपटीच नेला. हा काकासाहेबांच्या बहिणीचा, म्हणजे बद्रीनाथांच्या स्वतःच्या लग्नातला.

"काका, हा मोर हाय का कोंबडी?" संस्कृतीनं विचारलं.

"त्या दिवशी ताप होता मला."

तिघं इतकी हसली की काकासाहेब आतून उठून आले. रूपानं त्यांच्यासमोर मॅकवर एक कप्पा उघडला. चकती दिसलीच नाही. पदर लगेच पडद्यावर पसरला, बांगडीसारख्या गोलात बसवलेला बांगडी मोर आणि भोवती आसावलीची वेल.

काकासाहेब वाकून बघत राहिले. "हा आपला हाय? मी बघितलाच नाय कधी."

"तुम्ही शाळेत होता तेव्हाचा," बद्रीनाथ म्हणाले.

"मागावर चढवा की मग. अन् पुसायचं ऱ्हाऊ द्या."

संस्कृतीनं गरम इमरती मागवली. बद्रीनाथांना गोड वर्ज्य होतं. त्यांनी दोन खाल्ल्या.

पुढं रूपाला हैदराबादला नोकरी लागली. जायच्या आधी तिनं एकदा फोन केला.

"काका, मॅक अडतोय का आता?"

"नाय गं. पळतोय."

"नवी नक्षी काढली की तिच्या पदराच्या कप्प्यातच टाका. बाहेर ठेवू नका."

"टाकतो."

"जेवलात का?"

"आता बसतोच आहे. तू?"

"मीबी बसते. ठेवू?"

"ठेव."