विहिरीवरचे चार रकाने

तुमच्या आजोबांच्या मते जगात सरकार नसावं; फक्त चहा साडेसातला असावा.

जन्मभर कायदा शिकवून ते निवृत्त झाले आणि पणदऱ्याच्या शेतावर अराज्यवादावर पुस्तक लिहायला बसले. हुकूम करणारा कुणी नसला तरी माणसं आपखुशीनं नीट राहतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. पुरावा बांधावरच सापडला! आमची, नामदेवतात्यांची आणि रशीदभाईंची विहीर सामाईक. ज्याचं भिजवून झालं, त्यानं पुढच्याच्या बाभळीला लाल फडकं बांधायचं, की पाळी त्याची. कागद नाही, सही नाही. (भांडणही नाही.)

"हाच तो अराज्यवाद!" आजोबा ओरडले. "हे लिहून ठेवलं पाहिजे!"

लिहायचं तर नीट लिहावं, म्हणून मी मध्ये पडले. वार, वेळ, नाव, शेरा असे चार रकाने आखले, लॅमिनेशन करून कागद मोटरीच्या पेटीवर स्क्रूनं बसवला. फडकं धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवलं.

मंगळवारी तात्यांची पाळी, आणि वीजच आली नाही. आली ती बुधवारी.

"माजा मंगळवार बुडाला, त्यो मला आज पायजे," तात्या म्हणाले.

"कागदावर बुधवार माजा हाय, तात्या! कांदा लावून चार दिस झालं. आज न्हाय भिजला तर गेला!" रशीदभाई म्हणाले.

"मग शेऱ्यात लिवा!" म्हणत तात्यांनी पेटीला कुलूप ठोकलं.

मी लगेच पोटनियम केले, अ ते ऊ. दोघांनी त्यांचे दोन वेगळे अर्थ लावले. शेवटी सगळे आजोबांकडे आले. त्यांची कायद्याची सवय जुनी! त्यांनी दोघांकडून लेखी म्हणणं मागितलं आणि सुनावणी शुक्रवारी ठेवली.

"सर, कांद्याला तारीख देताय व्हय?" रशीदभाईंनी विचारलं.

मी रशीदभाईंच्या कांद्याच्या वाफ्यावर गेले. रोपं माना टाकून पडली होती. तशीच पेटीकडे धावले आणि कागद ओढला, पण माझं लॅमिनेशन फाटतंय कुठलं! विळ्यानं कापलं, आणि कपाटातलं फडकं आणून रशीदभाईंच्या बाभळीला बांधलं.

तात्यांनी कुलूप काढलं. "असं आधी सांगायचं न्हाय का, वहिनी! फडकं दिसल्यावर आमी कशाला आडवू?"

कांदा वाचला. पुस्तकही झालं. त्यात 'राज्यसंस्था कशी जन्माला येते' या प्रकरणात एकच स्थानिक उदाहरण आहे: 'एक शिस्तप्रिय गृहिणी'. ते पान मीच टाइप केलं.

चार रकान्यांचा तक्ताही जोडलाय!