आईच्या जागी माइक

आमच्या बोरगाव मेघेच्या घरात होम थिएटर आलं आणि आई शेजारी गेली. कायमची नव्हे, रोज संध्याकाळी, मालिकेच्या वेळेला. शेजारच्या काकूंचा टीव्ही झरोक्याएवढा, आवाज पत्र्याच्या डब्यातला. माझ्याकडे पाच स्पीकर आणि वर स्टुलाएवढा सबवूफर. तरी आई तिकडे!

"तुह्या यंत्रातून निस्ती गडगड आयकू येते," आई म्हणाली. "सासू काय बोल्ली, सून काय बोल्ली, काई समजत नाई."

बायको म्हणाली, "एवढं मोठं थेटर घरात, अन् घरचं माणूस दुसऱ्याच्या दारात. शोभते का? आई घरी बसल्या नाई, तर हे सगळं परत खोक्यात भरा."

रविवारी मी बाह्या सरसावून टीव्हीच्या मागे शिरलो. गुन्हेगार लगेच सापडला. जुनी लाल-पांढरी वायर! तिच्यातून फक्त डावा-उजवा आवाज जातो. संवाद ज्याने बोलायचे, तो टीव्हीखालचा मधला स्पीकर नुसता शोभेला बसला होता. मी ती वायर उपटली, सगळ्या स्पीकरचा आवाज वेगवेगळा नेणारी एचडीएमआयची घेतली आणि टीव्हीच्या ज्या भोकावर बारीक अक्षरांत 'एआरसी' लिहिलं होतं, त्यातच खोचली. दुसरं टोक अँप्लिफायरच्या तशाच भोकात. मधल्या स्पीकरला कंठ फुटला. सोफ्यावर बसून ऐकलं, तर बातम्या देणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा स्पष्ट!

आईला बोलावलं. ती स्वयंपाकघराच्या दाराजवळ, आपल्या नेहमीच्या पाटावर, भिंतीला टेकून बसली. थोडं ऐकलं आणि मान हलवली. "आता बरं हाय. पण नाई रे."

तेव्हा उजेड पडला. अँप्लिफायरसोबत एक छोटा माइक येतो. ऐकणाऱ्याचं डोकं जिथे असेल तिथे तो ठेवायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून शिट्ट्या वाजवतं आणि आवाज त्या जागेला जुळवून घेतं. होम थिएटर बसवताना मी तो माइक ठेवला होता सोफ्यावर. आणि सोफ्यावर घरात बसतं कोण? मी!

मग पाटावर डाळीचे डबे रचले आणि बरोबर आईच्या कानाच्या उंचीवर माइक ठेवला.

"माह्या जागी तूरडाळ बसवली का रे?"

"आई, आता कोणी बोलायचं नाही. आणि कूलर बंद."

"मे महिन्यात? वर्ध्यात?" बायको किंचाळली. पण बटण मी दाबलंच होतं.

घराचा तवा झाला. पहिली शिट्टी वाजली, आणि बाहेरून भंगारवाल्याचा भोंगा आला, "लोहा, प्लास्टिक, रद्दीऽऽ!" पडद्यावर सूचना आली : गोंगाट फार, पुन्हा करा.

"देऊन टाका त्यालेच," बायको म्हणाली. "स्वतःहून दारात आला आहे."

भोंगा लांब गेल्यावर पुन्हा सुरुवात केली. घामाच्या धारा, आईच्या तोंडावर पदर, बायकोच्या डोळ्यांत घटस्फोट. शेवटची शिट्टी झाली आणि यंत्राने मान्य केलं.

संध्याकाळी मालिका लागली, कूलर चालू असताना. आईच्या हातातली शेंग न सोलता तशीच राहिली. थोड्या वेळाने काकू दारात आल्या. "काऊन जी, आज नाई आल्या?"

आईने पडद्यावरची नजर न काढता पाटाशेजारच्या सतरंजीवर थोपटलं. "इथंच बस वं. तुह्या घरी सासू वरडते, तेवढंच आयकू येते. इथं ते मनातल्या मनात पुटपुटते, तेबी आयकू येते!"

मी उठून, छातीवर हात ठेवून वाकलो. "बाजूले हो, दिसत नाई," दोघी एकदमच म्हणाल्या. मीही सोफा सोडून पाटाशेजारी जाऊन बसलो. खरा आवाज आता तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा भोंगा वाजला, तेव्हा बायकोनेच त्याला हाक मारली. होम थिएटरची रिकामी खोकी तिने माळ्यावरून स्वतः काढून त्याच्या गाडीवर ठेवली.