हिरवे धागे आणि बाईची विहीर

एकोडीला माझी मोठी बहीण राहते. आम्ही तिला बाई म्हणतो. तिच्या अंगणातली विहीर बुजवून पाण्याच्या कॅन लावायच्या, असं भाच्यानं ठरवलं. बाईनं माझ्या नातीला, प्रज्ञाला, फोन केला. "पोरी, तू कालेजात पान्यातलं प्लास्टिक पाहतेस म्हने. माह्या विहिरीचं पाहून दे. निंगालं तर बुजवा, नाही तर मले सुखानं पिऊ द्या."

प्रज्ञाला नदीचंही पाणी हवंच होतं. भर थंडीत आम्ही दोघं निघालो.

जवाहरनगरहून भंडारा, तिथून तुमसर, पुढं बपेरा, सगळं एसटीनं. मला वयामुळं अर्धं तिकीट, तिला बाईमाणूस म्हणून अर्धं. एसटीच्या हिशेबात आम्ही मिळून एक प्रवासी. सोबत लोणच्याच्या काचेच्या बरण्या. प्लास्टिकच्या बाटलीत प्लास्टिक शोधायचं नसतं, एवढं मी शिकलो होतो. तुमसरच्या स्टँडवर आलूबोंडा गरम मिळतो, खाऊन घ्या. पुढं काही मिळेलच असं नाही.

कंडक्टरनं विचारलं, "काकाजी, लोनचं कायचं?"

"पाण्याचं."

तो पुढच्या सीटकडं वळला.

बपेऱ्याला नदीकाठी वारा असा की कान हाताला लागेनात. मी मफलर गच्च गुंडाळला. हिरवा, बाईनंच विणलेला. लोकर म्हणतो आपण, पण मेंढीचा तिच्याशी काही संबंध नाही. प्रज्ञा बरणी भरायची, मी वाकून झाकण लावायचो. शेजारी शुद्ध पाण्याची एक बरणी उघडी ठेवायची, हवेतून काय पडतं ते कळावं म्हणून.

मुक्काम एकोडीला. भात आणि लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, चुलीवरची. सकाळी बाईनं निळ्या नायलॉनच्या दोरानं बादली ओढली. मी वाकून झाकण लावलं.

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रत्येक बरणीत प्लास्टिकचे हिरवे धागे. भाच्यानं लगेच मुरमाची ट्रॉली सांगितली. बाईनं फोन उचलणं बंद केलं. प्रज्ञानं मग शुद्ध पाण्याची बरणी पाहिली. तीही हिरवी. घरी येऊन ती माझ्या गळ्याकडं पाहत राहिली.

"आबाजी, मफलर काढा."

"थंडी वाजून राहिली ना."

"काढा."

पुन्हा तीच वाट, उघड्या कानांनी. एकोडीच्या अंगणात मुरूम येऊन पडला होता. बाई दारातच अडवून म्हणाली, "मफलर काहून नाही घातला रे? आवडला नोयता तं सांगायचं."

"बाई, त्या मफलरनंच तुझी विहीर बुजत होती."

"म्हंजे आलं माह्यावरच!"

या खेपेला शुद्ध पाण्याची बरणी स्वच्छ निघाली. नदीत थोडे तुकडे होते. विहिरीत हिरवं काही नव्हतं; निळे धागे मात्र होते. प्रज्ञानं बादलीच्या दोराचा तुकडा आणला होता. तोच निळा. भाच्याच्या कॅनचं पाणीही तपासलं, त्यातही बारीक कण. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ते तरी कंपनीचे असतील."

बाईनं त्याच दिवशी दोर सोडून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा बुजव." आता तिथं अंबाडीचा दोर आहे. मुरूम गावच्या रस्त्याच्या कामी आला.

तुम्ही पाणी आणायला निघालात तर सुती घालून जा. आपल्याकडं अगदी कोरं पाणी मला अजून कुठं दिसलं नाही, पण आपल्या अंगावरचं तरी त्यात पडू नये.

घरी आल्यावर मफलर धुऊन खुंटीला टांगला. जेवताना पाणी घ्यायला उठलो, तेव्हा दिसलं की खुंटी माठाच्या बरोबर वर आहे. माठ हलवला.