नाक लेकीचं, कपाळ भावाचं
शहागंजातल्या पुंजाराम पेंटरकडे कुणी वारलेल्या माणसाचं चित्र काढून घ्यायला आलं, की तो आधी विचारायचा, "तुमचं भांडण कशावरून व्हायचं?" लोक चपापायचे. ही सवय त्याला फार उशिरा लागली.

एकोणीसशे पासष्टच्या सुमारास खेड्यापाड्यांत फोटो काढतंय कोण! मग पुंजाराम नातेवाइकांना समोर बसवायचा आणि लेकीचं नाक, भावाचं कपाळ असं जुळवत चेहरा उभा करायचा. हातात कसब होतं, पण त्याला स्वतःची बायको तेवढी काढता येईना. द्वारका आठ महिने अंथरुणाला खिळून होती आणि मग वारली. तिच्या बहिणीला बसवून त्यानं चार चित्रं केली; चारही वेळा आजारातला ओढलेला चेहराच उमटला. धडधाकट द्वारका आपण कायमची गमावली, या विचारानं तो खचून गेला.

अशात कन्नडहून बानाबाई नावाची धनगरीण तीन पोरांना घेऊन एसटीनं आली. तिला तिच्या नवऱ्याचं, सोनाजीचं चित्र हवं होतं. पुंजारामनं पोरांवरून चेहरा जुळवला. बानाबाईनं पाहून तोंड फिरवलं.

"समदं बराबर हाय, पर ह्यो माझा मालक नाय."

"का हो?"

"लई देवावानी बसलाय. मेंढरं मोकळी सोडून झोपायचा मेला! म्या वरडले की एक डोळा उघडून गालातल्या गालात हसायचा."

पुंजारामनं घाईघाईनं एक पापणी खाली ओढली, ओठाचा कोपरा वर उचलला.

"व्हय! ह्योच त्यो लबाड!" बानाबाई हसली आणि घळाघळा रडली.

ती गेल्यावर पुंजारामला उमगलं. आपणही भांडणं विसरून द्वारकेची देवी करायला निघालो होतो, म्हणून आजारातली तेवढी हाती लागत होती! भांडणं काय थोडी झाली होती? ती आठवत गेला, तशी कमरेवर हात ठेवून, भुवई चढवून, हसू दाबत द्वारका समोर उभीच राहिली. दोन दिवसांत चित्र पुरं झालं.

पुढच्या आठवड्यात वेरूळहून द्वारकेची आई, दगडाबाई आली. पुंजारामनं चित्रावरचं फडकं काढलं. म्हातारीनं चित्र निरखलं आणि ती त्याच्याकडं वळली.

"जावायबापू, काय केलंत हो तुमी? पोरगी लई चिडलीया!"

"तिच्या धुतल्या लुगड्याला कुंचला पुसला," पुंजारामनं कबूल केलं.

दगडाबाईनं लेकीच्या वतीनं त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि पुंजाराम मान खाली घालून सुखानं ऐकत राहिला.