बाजाराच्या दिवशीची गोळी

आमच्या अकोल्याच्या दवाखान्यातली ही सिस्टर गोळीची वेळ घड्याळात सांगत नाही. "गुरं सोडल्यावर", "दिवा लावल्यावर" असं सांगते आणि वर तेच पेशंटकडून वदवून घेते, "आता तुमी मले सांगा." औषधांच्या खिडकीत बसून मी याला हसायचो.

संधिवाताची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर विषच. बाळापूरकडच्या एका बांगडीवालीला तिनं समजावलं, "बाजाराच्या दिवशी घ्या." चिठ्ठीवर चारच गोळ्या होत्या. पट्टी कापायचा कंटाळा म्हणून मी दहाची अख्खी दिली.

दहा दिवसांनी बांगडीवाली परत आली ती तोंडभर फोड घेऊन. "बाजाराच्याच दिवशी घेतली ना बाई. माह्या धंद्यात रोज कोन्या तरी गावचा बाजार रायते."

ती वाचली नाही.

आता सिस्टर प्रत्येकाला आधी विचारते, "धंदा काय करता?" लोक चिडतात. चौकशीत तिनं सगळी चूक स्वतःवर घेतली, पट्टीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती माझ्या खिडकीशी आली, एक नवी कात्री ठेवली आणि निघून गेली.