लाईन गेल्यावरही चालू राहिलेला लॅपटॉप

आधीच सांगून टाकते, भूत, आत्मा, ‘काहीतरी जाणवलं’ वगैरे प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा लहानपणीच पाठ केलेल्या. त्यात जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हळदीच्या पाण्यात चुना टाकून त्याचं ‘रक्त’ करून दाखवायचं आणि मुलांना म्हणायचं, बघा, बुवाबाजी ती हीच! अशा बाईवर न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ आली, म्हणून मलाच माझं हसू येतंय... पण लिहिते.

गाव गोरेगाव. मुंबईतलं नव्हे हो, आमच्या गोंदिया जिल्ह्यातलं. तालुक्याचं ठिकाण, पण आमच्या घरामागून लगेच धानाची शेतं सुरू होतात. आमचे हे इथं कॉम्प्युटर क्लास चालवायचे. क्लास बंद पडला, मशीनं विकली गेली आणि मागे एक लहानसा लॅपटॉप तेवढा उरला. मागच्या पावसाळ्यात हेही गेले. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठलेच नाहीत.

त्यानंतर घर फार मोठं वाटायला लागलं. दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर, तरी मोठं. एका माणसाचा भात लावायला मला अजून जमत नाही, रोज उरतो. सकाळी पेपर आला की मोठ्यानं वाचायची सवय होती, हे चहा घेत ऐकायचे. अजूनही सुरुवात मोठ्यानंच होते आणि मग आवाज बारीक होत जातो.

मुलगी पल्लवी नागपूरला असते. ती रोज फोनवर मागे लागलेली. “आई, तू एकटी काय करून राहिली तिथं? घर बंद कर अन् ये इकडं.”

“मला जमतं गं.”

“काय जमतं? गॅसचा नंबर लावणं, बिल भरणं, सगळं बाबाच करत होते. रिमोटचे सेल तरी बदलता येतात का तुला?”

झोंबलं मला ते. कपाटावर तो बंद पडलेला लॅपटॉप दिसत होता. मी म्हटलं, “बाबांचा लॅपटॉप मी स्वतः चालू करून त्याच्यावरूनच तुला व्हिडिओ कॉल लावला तर? मग हा विषय काढायचा नाही.”

ती हसली. “लाव. नाही लागला तर रविवारी मी येते अन् कुलूप लावून तुला घेऊन जाते. नाही म्हणायचं नाही मग.”

लावली पैज. बोलून बसले आणि मग घाम फुटला.

लॅपटॉपमधलं विंडोज कधीच मोडलं होतं. बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि मोबाइलचं दुकान आहे, तिथे घेऊन गेले. पोरगा बघून म्हणाला, “मॅडम, ये तो भंगार है. बेच दो.” मी म्हटलं, बेचना नहीं है, चलाना है. मग तो म्हणाला की अशा म्हाताऱ्या मशीनवर एकच गोष्ट चालेल, लिनक्स. विंडोजच्या जागी टाकायची दुसरी, हलकी प्रणाली. पेनड्राइव्हवर भरून दिलं त्यानं. घरी येऊन लावलं तर स्क्रीनवर एक ओळ आली आणि सगळं ठप्प. दोन दिवस व्हिडिओ बघितले तेव्हा कळलं, आमचं मशीन जुन्या पद्धतीचं आणि पेनड्राइव्हवरची आवृत्ती नव्या मशीनची. परत दुकानात. पोरगा वैतागला, पण जुनी आवृत्ती शोधून दिली बिचाऱ्यानं.

आता गाडी पुढे सरकली. निळी पट्टी हळूहळू भरायला लागली, आमच्या एसटीसारखी, थांबत थांबत. पण अडचण अशी की लॅपटॉपची बॅटरी मेलेली. आत असली की तो सुरूच होत नसे, म्हणून मी ती काढून कपाटावर ठेवली होती. चालणार तो थेट विजेवर. आणि आमच्याकडची लाईन म्हणजे... इन्व्हर्टर घरात नाही. अर्धी पट्टी भरलेली, मी वरण उतरवायला उठले, तेवढ्यात लाईन झपकन गेली आणि आली. स्क्रीन काळी. दुसऱ्यांदा दूधवाला आला म्हणून उठले, पुन्हा तेच. सगळं पहिल्यापासून.

तेव्हा ह्यांचं बोलणं आठवलं. आमच्याकडे मळणी झाली की खळ्यावरचं धान एकटं सोडत नाहीत. रास घरात येईपर्यंत कुणीतरी तिथं बसतंच, सोबत म्हणून. ह्यांनी तो नियम कॉम्प्युटरलाही लावलेला. विंडोज भरायला टाकलं की स्वतः समोर खुर्ची टाकून बसायचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, “खळ्यावरचं धान अन् काम चालू असलेलं मशीन एकटं सोडू नये.” मी चिडवायची, मशीनला काय चोर नेणार आहे? तर नुसते हसायचे.

शनिवारी दुपारी मी ह्यांचीच खुर्ची ओढली आणि ठरवलं, आज उठायचं नाही. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली. बाहेरून शेजारच्या पटले काकूंची हाक आली, “बाई! ओ बाई!” मी जागची हलले नाही. त्या काही थांबेनात. कुणाला काही झालं की काय, म्हणून शेवटी उठले. जाताना लॅपटॉपला चक्क म्हटलं, आलेच हं.

काकू भिंतीपलीकडे सुपात धान घेऊन उभ्या. “काऊन बाई, तुमच्या इथं लाईन आहे का?”

“आहे की.”

“आमच्या इथं तं केव्हाची गेली! पंप बी बंद, टाकीत पाणी नाही. गल्लीत कोणाकडेच नाही म्हणतेत.”

“अहो, माझा लॅपटॉप चालू आहे. आत्ता उठून आले.”

“चला, पाहू द्या मले.”

आम्ही दोघी आत आलो. पंखा थांबलेला होता. फ्रीज गप्प. थंडीचे दिवस, मशीन तापू नये म्हणून पंखा अगदी हळू लावलेला, तो कधी थांबला ते मला बसल्या बसल्या कळलंच नव्हतं. बोर्डावरचा लाल दिवा विझलेला. चार्जरवरचा हिरवा दिवाही विझलेला.

लॅपटॉप चालू होता. पट्टी सरकत होती.

मी बटणं दाबून पाहिली, दिवे लागेनात. कपाटाकडे पाहिलं, बॅटरी वर तिथंच. काकू कुजबुजल्या, “थे मशीन कशी चालून राहिली बाई?” मी म्हटलं, “बसा काकू.” खोलीत ती एकच खुर्ची. काकूंनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “राहू द्या.” आणि खाली फरशीवर बसल्या.

मीही खालीच बसले. खुर्ची मोकळी ठेवली. का, ते विचारू नका. दोघी वर मान करून पट्टी भरताना बघत राहिलो. भीती वाटायला हवी होती, पण मला कितीतरी महिन्यांनी त्या घरात बरं वाटत होतं. हे खरं आहे, म्हणून लिहिते.

पट्टी भरली. काम पूर्ण झालं, मशीन पुन्हा सुरू करा, असा निरोप आला. मी उठून बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली. दिवेलागणीला लाईन आली तेव्हा कुठे लॅपटॉप उघडला, नवा कोरा, आणि पल्लवीला कॉल लागला.

“आई! खरंच केलंस? एकटीनं?”

मी नुसती हसले. ‘हो’ म्हणवलंच नाही मला. तिला वाटलं, आईला आनंदानं भरून आलंय. रविवारी ती आली नाही. कुलपाचा विषयही पुन्हा निघाला नाही.

आमच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, आतल्या भागांत उरलेली वीज क्षणभर टिकते, त्यापुढे नाही. शेजारच्या लाईनमधून वीज येत असेल म्हणावं, तर माझ्याही घरातलं बाकी सगळं बंद होतं. मग म्हणाले, तुमचा भास असेल. मी म्हटलं, पटले काकूंचाही?

खरं सांगायचं तर तेव्हापासून मी कधीकधी चालू लॅपटॉपचा प्लग मुद्दाम काढून बघते. तो लगेच बंद पडतो, दर वेळी. विज्ञान बरोबर आहे याचा मला आनंद व्हायला हवा, पण मला रडू येतं. मग प्लग परत लावते आणि त्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसते.

कारण मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा... पण घाई करू नका.